अणुबाँबचे चित्र कसे काढायचे?

एक वर्तुळ. त्यात वरून खालपर्यंत एक उभी रेघ आणि मध्यावरून दोन्ही बाजूंना खाली उतरणाऱ्या दोन तिरक्या रेघा. हे चिन्ह तुम्ही नक्की पाहिले असेल. टी-शर्टवर, रिक्षाच्या मागच्या काचेवर, मुलींच्या कानातल्या डुलांत, नाहीतर गोव्यात हणजूणच्या बुधवारच्या बाजारात साखळीत अडकवून विकायला ठेवलेले. कॉलेजातल्या मुलांना विचारले तर ती सांगतात, ‘पीस’. थोडी जाणती असली तर सांगतात, ‘हिप्पींचे चिन्ह’. हिप्पी आले त्याच्या कितीतरी आधी, १९५८ साली, लंडनमध्ये एका मोर्चासाठी हे चिन्ह काढले गेले आणि त्याचा अर्थ मोघम ‘शांतता’ असा नव्हता, तर अगदी नेमका ‘अण्वस्त्रे नष्ट करा’ असा होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

आज या चिन्हाविषयी आणि त्याच्या भावंडांविषयी, म्हणजे अण्वस्त्रांविरुद्ध काढल्या गेलेल्या पोस्टरांविषयी लिहायचे आहे. मी काही चित्रकलेचा मास्तर नव्हे. माझी हयात इतिहास आणि मराठी शिकवण्यात गेली. पण इतिहासाची साधने शिकवताना आपण मुलांना शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी एवढेच सांगतो. हे सगळे बहुतेक राजांनी किंवा राजांच्या आश्रयाने केलेले, आणि चिरकाल टिकावे या हेतूने केलेले. मोर्चातला पुठ्ठ्याचा फलक याच्या अगदी उलट. तो सत्ता नसलेल्या माणसाने केलेला असतो आणि दोन दिवस टिकला तरी पुरे, अशा हिशेबाने केलेला असतो. म्हणून तो माझ्या मते फार प्रामाणिक पुरावा आहे. त्या दोन दिवसांत माणसांना कशाची भीती वाटत होती आणि कशावर जीव होता, हे तो सांगून जातो.

अणुबाँबच्या बाबतीत पोस्टर काढणाऱ्यापुढे पहिली अडचण अशी, की काढायचे काय? दुष्काळाचे चित्र काढता येते. लाठीमाराचे काढता येते. दारूबंदीचे पोस्टर तर आपल्याकडे शाळेतली मुलेही काढतात. एक बाटली, एक रडणारी बाई आणि दोन पोरे, झाले काम. पण जी वस्तू कोणी पाहिलेली नाही, जी कुठेतरी कुंपणाआड ठेवलेली आहे आणि जिचा परिणाम झाल्यावर चित्र बघायला कोणी उरणार नाही, तिचे चित्र कसे काढणार?

पटकन सुचते ते एकच. ढग. भूछत्रासारखा वर जाणारा ढग. सहा ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला हिरोशिमावर बाँब पडला आणि तेव्हापासून अणुबाँब म्हटले की डोळ्यांपुढे हा ढग येतो. पण हा ढग पाहिला कोणी? बाँब टाकणाऱ्या ‘एनोला गे’ विमानाच्या शेपटीकडे बसलेल्या जॉर्ज कॅरन नावाच्या सैनिकाने वरून त्याचा फोटो काढला. म्हणजे हे चित्र टाकणाऱ्याच्या बाजूचे आहे. त्यात घर नाही, रस्ता नाही, माणूस नाही. खोटे कशाला बोलू, ते चित्र दिसायला भव्य आहे, जवळजवळ सुंदर आहे.

खालून घेतलेले फोटोही आहेत, पण बोटांवर मोजण्याइतके. योशितो मात्सुशिगे नावाचा एक वृत्तछायाचित्रकार त्या दिवशी हिरोशिमातच होता आणि वाचला होता. कॅमेरा घेऊन तो दिवसभर शहरात फिरला आणि त्याच्या हाती पाच फोटो लागले. मियुकी पुलाजवळ भाजलेली शाळकरी मुले आणि माणसे रस्त्यावर बसलेली आहेत, त्यांची पाठ आपल्याकडे आहे, असा त्यातला एक. समोरचे दृश्य पाहून आपल्याच्याने बटण दाबवेना, असे त्याने पुढे अनेकदा सांगितले. युद्धानंतर जपानवर अमेरिकेचा ताबा होता आणि छापण्यावर कडक नियंत्रण होते. त्यामुळे असे फोटो मोठ्या प्रमाणावर लोकांपुढे आले ते ताबा उठल्यावर, ऑगस्ट १९५२मध्ये, ‘आसाही ग्राफ’ या सचित्र नियतकालिकातून. म्हणजे पहिली सात वर्षे जगाने अणुबाँब पाहिला तो मुख्यतः वरून. विरोध करणाऱ्यांकडेही चित्र तेच होते, जे बाँब टाकणाऱ्यांकडे होते.

मग चित्रकारांनी काय केले? त्यांनी त्या ढगाला कवटी जोडली. स्वित्झर्लंडच्या हान्स एर्नी या चित्रकाराने १९५४ साली ‘अणुयुद्ध नको’ असे पोस्टर केले. त्यात पृथ्वीचा गोल हीच कवटी झाली आहे आणि तिच्या डोक्यातून ढग वर निघाला आहे. ब्रिटनमध्ये एफ. एच. के. हेन्रियन याने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तीच कल्पना फोटो जोडून साधली. ढगाच्या भूछत्रात कवटी, आणि शब्द तीनच, ‘अण्वस्त्रांची आत्महत्या थांबवा’ अशा अर्थाचे. हा हेन्रियन जर्मनीत जन्मलेला. युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध केले होते आणि नंतर त्याच सरकारसाठी त्याने युद्धकाळातली पोस्टरे केली. युद्धाचा प्रचार कसा करतात हे त्याला आतून ठाऊक होते.

ही दोन्ही पोस्टरे ताकदीची आहेत, यात शंका नाही. पण मला नेहमी एक वाटत आले आहे. कवटी पाहून माणूस दचकतो आणि पुढे जातो. विजेच्या खांबावरही कवटी असते, उंदराच्या औषधाच्या पुडीवरही असते. ‘हात लावू नका’ एवढे ती सांगते. पण पुढे काय करायचे, ते ती सांगत नाही.

आता त्या वर्तुळाकडे येऊ. जेराल्ड होल्टम हा १९१४ साली जन्मलेला, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलेला डिझायनर. दुसऱ्या महायुद्धात त्याने सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून बंदूक धरायला नकार दिला होता आणि त्या काळात नॉरफक परगण्यात शेतीवर काम केले होते. १९५७ साली ब्रिटनने पॅसिफिक महासागरात हायड्रोजन बाँबच्या चाचण्या सुरू केल्या. १९५८च्या ईस्टरला लंडनच्या ट्रफाल्गर चौकापासून आल्डरमास्टनपर्यंत, म्हणजे जिथे ब्रिटनच्या अण्वस्त्रांचे संशोधन चाले त्या गावापर्यंत, चालत जायचे असे काही मंडळींनी ठरवले. अंतर सुमारे ८० किलोमीटर, दिवस चार. होल्टमला वाटले, या चालणाऱ्यांच्या हातात काहीतरी हवे. २१ फेब्रुवारी १९५८ला त्याने ‘पीस न्यूज’ या साप्ताहिकाच्या कचेरीत आपली रेखाटने संयोजकांपुढे ठेवली. ही मूळ रेखाटने आज ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

आमच्या वेळी शाळेत स्काउट असे. दोन हातांत दोन झेंडे घेऊन दूरच्या माणसाला अक्षरे दाखवायची, त्या सेमाफोर लिपीची कवायत ज्यांनी केली असेल त्यांना या चिन्हाची फोड चटकन कळेल. दोन्ही हात बाजूंना तिरके खाली धरले की इंग्रजी ‘एन’. एक हात सरळ वर आणि दुसरा सरळ खाली, की ‘डी’. ‘एन’ म्हणजे न्यूक्लिअर, ‘डी’ म्हणजे डिसआर्मामेंट. दोन्ही एकावर एक ठेवायची आणि भोवती वर्तुळ काढायचे. मी वर्गात मुलांना उभे करून हे करून दाखवत असे. दोन मुले पुढेमागे उभी करायची, एकाने ‘एन’ करायचा, दुसऱ्याने ‘डी’. सगळा वर्ग हसे आणि चिन्ह जन्मभर लक्षात राही.

पण अक्षरांची फोड हा अर्धाच भाग झाला. होल्टमने पुढे ‘पीस न्यूज’चे संपादक ह्यू ब्रॉक यांना पत्रातून सांगितले, की मी तेव्हा अगदी हताश झालो होतो आणि ते चित्र खरे म्हणजे माझेच आहे, तळहात बाहेर आणि खाली पसरलेल्या माणसाचे. त्याने उपमा दिली ती स्पेनच्या गोया या चित्रकाराच्या गोळीबारासमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याची. गंमत अशी, की गोयाच्या त्या प्रसिद्ध चित्रात पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसाचे हात खाली नाहीत, वर आहेत. होल्टमच्या मनात ते खाली आले, कारण त्याचे स्वतःचे खाली आले होते. पुढच्या आयुष्यात त्यालाही हे बोचू लागले. हे चिन्ह उलटे करून हात वर उचललेले दाखवावेत, म्हणजे त्यात आशा येईल, असे तो म्हणू लागला. पण तोवर चिन्ह त्याच्या हातातून सुटून जगाचे झाले होते.

या डिझाइनमधली मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. त्या पहिल्या मोर्चासाठी काठीवर लावलेले पुठ्ठ्याचे गोल फलक केले गेले, ५००. त्यातले निम्मे पांढऱ्यावर काळे आणि निम्मे हिरव्यावर पांढरे. शुक्रवारी आणि शनिवारी काळे धरायचे, रविवारी आणि सोमवारी हिरवे. का? तर शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे, येशूच्या मृत्यूचा दिवस, आणि रविवार म्हणजे ईस्टर, तो पुन्हा उठला तो दिवस. चर्चमध्येही या दिवसांत रंग बदलतात. हिवाळ्याकडून वसंताकडे, मरणाकडून जीवनाकडे. हे समजावून सांगण्याची गरजच नव्हती. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या साध्या इंग्रज म्हातारीलाही ते रंग ओळखीचे होते. आपल्याकडे वारीतल्या पताकेचा रंग कोणी समजावून सांगतो का? तसेच.

त्या ईस्टरला कडाक्याची थंडी होती, पाऊस होता, बर्फही पडले. तरी लोक चालले. मोर्च्यात ती चिन्हे फोटोंत ठळक उमटली, कारण तेव्हाची वर्तमानपत्रे काळीपांढरी होती आणि चिन्हही काळेपांढरे होते. एरिक ऑस्टिन नावाच्या कार्यकर्त्याने या चिन्हाचे पहिले बिल्ले केले ते भाजलेल्या मातीचे. त्यासोबत एक चिठ्ठी दिली जाई. अणुयुद्ध झालेच, तर मनुष्याने केलेल्या ज्या थोड्या वस्तू त्या आगीतून वाचतील त्यांत हा भाजलेल्या मातीचा बिल्ला असेल, अशा आशयाची. हसावे की रडावे, कळत नाही.

या चिन्हावर कोणी हक्क नोंदवला नाही. ज्याला पाहिजे त्याने काढावे. अमेरिकेतले नागरी हक्क चळवळीचे नेते बायर्ड रस्टिन त्या पहिल्या मोर्चात होते. पुढे चिन्ह अमेरिकेत गेले आणि व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात भिंतीभिंतीवर उमटले. पोस्टर करणाऱ्याच्या दृष्टीने याहून मोठे यश नाही. ज्याचा हात चित्रकलेत अजिबात चालत नाही, त्यालाही खडूच्या तुकड्याने ते चिन्ह काढता येते. किंमत मात्र मोजावी लागली. सर्वांचे झाल्यावर ते कशाचेही झाले. हणजूणच्या बाजारात ते विकत घेणाऱ्याला ‘एन’ आणि ‘डी’ ठाऊक नसतात.

दुसरे उदाहरण बावीस वर्षांनंतरचे. डिसेंबर १९७९मध्ये नाटो संघटनेने ठरवले, की अमेरिकेची मध्यम पल्ल्याची ५७२ नवी अण्वस्त्रे पश्चिम युरोपात आणून ठेवायची. त्यातली १६० क्रूझ क्षेपणास्त्रे ब्रिटनच्या वाट्याला आली. ती तळावर ठेवायची आणि प्रसंग आला की ट्रकांवर लादून खेड्यापाड्यांतल्या रस्त्यांनी, रानांतून विखरून टाकायची, अशी योजना होती. १९८०मध्ये सरकारने ‘प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह’ नावाची पुस्तिका काढली. घरातले दरवाजे उतरवून भिंतीला तिरके टेकवा, त्यावर माती भरलेल्या पिशव्या रचा आणि आत बसून राहा, असा तिचा उपदेश. इतिहासकार ई. पी. टॉमसन यांनी लगेच ‘प्रोटेस्ट अँड सर्व्हाइव्ह’ नावाची पुस्तिका लिहून तिला उत्तर दिले. एका अक्षरसमूहाचा फरक, पण अर्थ पार बदलला. आडोशाला बसून वाचता येणार नाही, विरोध करूनच वाचता येईल.

त्याच वर्षी पीटर केनर्ड या तरुण चित्रकाराने एक चित्र केले. केले म्हणजे कापून चिकटवले. जॉन कॉन्स्टेबलचे १८२१ सालचे ‘द हे वेन’ हे चित्र इंग्रजांचे अतिशय लाडके. उथळ नदीत उभी असलेली रिकामी बैलगाडीवजा घोडागाडी, बाजूला कौलारू घर, काठावर कुत्रा, वर पावसाळी आभाळ. कॅलेंडरांवर आणि बिस्किटांच्या डब्यांवर ते घरोघरी पोचलेले. केनर्डने कात्री घेतली, क्रूझ क्षेपणास्त्रांचे फोटो कापले आणि त्या गाडीत नीट उभे करून चिकटवले. बस. कवटी नाही, ढग नाही, रक्त नाही. चित्रातला कुत्रा तसाच, घर तसेच, झाडे तशीच. फक्त गवताच्या गाडीत आता क्षेपणास्त्रे.

हे चित्र पोस्टकार्डांवरून, पोस्टरांवरून देशभर गेले. त्याची ताकद कशात आहे, याचा मी बराच विचार केला आहे. ते पाहणाऱ्याला भीती घालत नाही. ते त्याला त्याच्या घरातली वस्तू दाखवते आणि म्हणते, बघ, तुझ्या घरात काय आणून ठेवताहेत. शिवाय ती अतिशयोक्ती नव्हतीच. क्षेपणास्त्रे खरोखरच त्याच रस्त्यांनी, त्याच शेतांजवळून नेली जाणार होती. केनर्डने व्यंग्य केले नाही, सरकारच्या योजनेचे अचूक चित्र काढले.

तिसरे उदाहरण खुद्द जपानचे. तिथल्या ग्राफिक डिझायनरांच्या संघटनेने आणि हिरोशिमातल्या एका सांस्कृतिक प्रतिष्ठानाने मिळून १९८३ साली ‘हिरोशिमा अपील्स’ नावाचा उपक्रम सुरू केला. दरवर्षी एका डिझायनरने एक पोस्टर करायचे. पहिले पोस्टर युसाकू कामेकुरा यांनी केले. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकचे लाल सूर्याचे पोस्टर ज्यांचे, तेच हे कामेकुरा. हिरोशिमाच्या पोस्टरवर त्यांनी बाँब काढला नाही, शहर काढले नाही, माणूसही काढला नाही. नुसती फुलपाखरे. रंगीबेरंगी, नाजूक, आणि पेटलेली. जळत जळत खाली येणारी. चित्र अकिरा योकोयामा यांच्या हातचे. खाली उपक्रमाचे नाव आणि साल, एवढेच शब्द.

१९४५ संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली. मेलेल्यांचे फोटो त्या शहराकडे आहेत, जळलेले कपडे आहेत, सव्वाआठला थांबलेली घड्याळे आहेत. ज्यांच्याकडे सगळा पुरावा आहे, त्यांनी पोस्टरसाठी निवडली फुलपाखरे. मला यात मोठी समज दिसते. पुरावा संग्रहालयात पाहायला हवाच, तिथे माणूस मन घट्ट करून जातो. पण पोस्टर रस्त्यावर, न विचारता समोर येते. तिथे भाजलेल्या माणसाचे चित्र लावले तर बघणारा मान फिरवतो. फुलपाखरू म्हटले तर तो जवळ येतो, आणि जवळ आल्यावर त्याला आग दिसते.

आता या तिन्ही चित्रांत समान काय आहे, ते पाहा. होल्टमने माणसाचे हात आणि ईस्टरचे रंग घेतले. केनर्डने घरोघरचे लाडके चित्र घेतले. कामेकुरांनी फुलपाखरू घेतले. तिघांनीही अणुबाँब काढला नाही. अणुबाँब ज्याचा नाश करणार, ते काढले. केनर्डने क्षेपणास्त्र काढले खरे, पण आपली नजर जाते ती गाडीवर. आणि दुसरे म्हणजे तिघांनीही ते आपल्याच माणसांसाठी काढले. होल्टम आणि केनर्ड रशियाच्या बाँबविरुद्ध चित्र काढत नव्हते, आपल्या देशात, आपल्या सरकारने आणलेल्या किंवा आणू दिलेल्या बाँबविरुद्ध काढत होते. शत्रूच्या शस्त्राविरुद्ध पोस्टर काढायला धैर्य लागत नाही, त्याला सरकारच कागद पुरवते. आपल्याच शस्त्राविरुद्ध काढायचे, तर बघणारा विचारतो, ‘तू कोणाच्या बाजूचा?’ म्हणून ते पोस्टर असे असावे लागते, की ते पाहताक्षणी कळावे, हा आपल्यातलाच आहे, याचाही याच मातीवर जीव आहे.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. ११ आणि १३ मे १९९८ला पोखरणला चाचण्या झाल्या तेव्हा मी तालुक्याच्या एका शाळेत शिकवत होतो. गावात पेढे वाटले गेले, फटाके उडाले. आपल्या शास्त्रज्ञांचा अभिमान मलाही वाटला, ते लपवण्यासारखे काही नाही. महिना संपायच्या आत पाकिस्ताननेही चागईला स्फोट केले. आमच्या शाळेत दरवर्षी सहा ऑगस्टला हिरोशिमा दिनाची पोस्टर स्पर्धा असे. त्या वर्षी शिक्षकांच्या खोलीत प्रश्न निघाला, की यंदा घ्यायची का? एक सहकारी म्हणाले, “गुरुजी, तीन महिन्यांपूर्वी आपणच मुलांकडून अभिनंदनाचा फलक लिहून घेतला. आता त्याच मुलांना बाँब वाईट म्हणून सांगायचे?” त्यांचा प्रश्न रास्त होता. दुसरे म्हणाले, “हिरोशिमा आपण थोडेच केले? ते अमेरिकेने केले.” तेही बरोबर. बरीच चर्चा झाली आणि शेवटी स्पर्धा घ्यायची ठरली.

साठ-सत्तर पोस्टरे आली. बहुतेकांत नेहमीचा ढग, नेहमीचे कबूतर, आणि ‘युद्ध नको, बुद्ध हवा’. दोघातिघांनी ढगाखाली दुसऱ्या देशाचे नाव लिहिले होते, ती आम्ही बाजूला ठेवली. आठवीतल्या एका मुलीने मात्र आमच्याच शाळेचा व्हरांडा काढला होता. वर्गाच्या दाराबाहेर चपलांची रांग. आमच्याकडे मुले चपला बाहेर काढून वर्गात बसत. चपला वेगवेगळ्या, एकीचा अंगठा तुटून दोऱ्याने बांधलेला. दार उघडे आणि आत कोणी नाही. ढग नाही, बाँब नाही. खाली एकच ओळ होती, ‘सकाळी सव्वाआठ’. आमची शाळाही सकाळचीच होती.

तिला कल्पना कुठून सुचली म्हणून विचारले. ती म्हणाली, “सर, तुम्हीच म्हणालात ना, तिथली मुलं सकाळी कामाला बाहेर पडली होती. मग त्यांच्या चपला कुठं गेल्या?” हिरोशिमात त्या सकाळी हजारो शाळकरी मुलांना शहरात घरे पाडून मोकळे पट्टे करण्याच्या कामावर लावले होते, हे मी वर्गात सांगितले होते. तिने ते आपल्या व्हरांड्यात आणून ठेवले. या मुलीने केनर्डचे नाव ऐकले नव्हते, मीही तोवर ऐकले नव्हते. पण तिने तेच केले, जे त्याने केले.

ते पोस्टर आम्ही दर्शनी भिंतीवर लावले. शाळेत आलेले पालक पेढे वाटणाऱ्यांपैकीच होते. कोणी आक्षेप घेतला नाही. बरेच जण त्यापुढे थांबले आणि आपल्या मुलाची चपल कुठली असेल, तसे बघत राहिले. त्या चित्रात कुठल्याही देशाचे नाव नव्हते, त्यामुळे भांडायला जागा नव्हती आणि सुटायलाही नव्हती.

याच काळात मुंबईचे आनंद पटवर्धन या चाचण्यांवर ‘जंग और अमन’ हा माहितीपट करत होते. तो २००२ साली पूर्ण झाला, सेन्सॉर मंडळाने त्यात बरीच कापाकापी सुचवली आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाने तो काटछाट न करता दाखवायला मोकळा केला. म्हणजे असे प्रश्न विचारणारे आपल्याकडेही होते, आणि त्यांना वाट काढावी लागली.

आता कोणीही विचारेल, आणि विचारायलाच हवे, की या कागदांनी झाले काय? बाँब गेले का? नाही गेले. आजही जगात सुमारे १२ हजार अण्वस्त्रे आहेत. पण काहीच झाले नाही, असेही नाही. मार्च १९५४मध्ये बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बाँबचा स्फोट केला, त्याची राख ‘लकी ड्रॅगन’ या जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर पडली आणि त्यातला एक जण सप्टेंबरात दगावला. महिनाभरातच, २ एप्रिलला, पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याचे आवाहन केले. पुढे आल्डरमास्टनसारखे मोर्चे आणि त्यांची पोस्टरे देशोदेशी दिसू लागली, आणि ऑगस्ट १९६३मध्ये हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात चाचण्या न करण्याचा करार झाला. ब्रिटनमध्ये ग्रीनहॅम कॉमनच्या तळाबाहेर बायकांनी १९८१पासून वर्षानुवर्षे ठाण मांडले. १२ डिसेंबर १९८२ला सुमारे तीस हजार बायकांनी हात धरून त्या तळाला वेढा घातला, आणि कुंपणाच्या तारेवर मुलांचे कपडे, फोटो, खेळणी अडकवली. तेही पोस्टरच म्हणायचे. डिसेंबर १९८७मध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी करार केला आणि १९९१च्या मार्चपर्यंत ग्रीनहॅमची क्षेपणास्त्रे परत गेली. हे पोस्टरांमुळे झाले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. राजकारण होते, पैसा होता, गोर्बाचेव्ह होते. आणि तो करारही २०१९मध्ये मोडीत निघाला.

मग पोस्टरांचे काम कोणते? मला वाटते, ते एवढेच, की ज्या गोष्टीचा विचार करायला मन तयार नसते, तिचा विचार करायला लावायचे. अण्वस्त्रांबाबत आपली सवय अशी, की तो विषय मोठ्यांचा, शास्त्रज्ञांचा, सेनापतींचा. आपण मध्ये कशाला? ढगाचे चित्र ही सवय पक्की करते, कारण ढग फार दूर आणि फार उंच असतो. गवताची गाडी, फुलपाखरू, तुटक्या अंगठ्याची चपल ही सवय मोडते. ती सांगते, की हा विषय तुझ्या दारातला आहे. अण्वस्त्रे हवीत की नकोत, यावर तुमचे माझ्याशी जमेलच असे नाही. देशाच्या संरक्षणाचा विचार करणाऱ्यांना मी मूर्ख समजत नाही. पण मत कुठलेही असो, ते ढगाकडे बघून करू नये, व्हरांड्याकडे बघून करावे.

२०२४ साली शांततेचे नोबेल हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या ‘निहोन हिदानक्यो’ या संघटनेला मिळाले. वाचलेल्यांचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. काही वर्षांत हे सगळे प्रत्यक्ष पाहिलेला माणूस उरणार नाही. त्यानंतर जे सांगायचे, ते चित्रांनाच सांगावे लागेल.

तुमच्यापैकी जे अजून शाळेत शिकवत असतील त्यांना एकच सुचवतो. सहा ऑगस्टला पोस्टर स्पर्धा जरूर घ्या. पण मुलांना आधी सांगा, ढग आणि कबूतर काढायचे नाही. मग बघा, ती काय काढतात ते.